प्रश्नपत्रिका मायबोलीत, निकाल मात्र इंग्रजीच्या हाती

केंद्र सरकारच्या नोकरभरतीत प्रादेशिक भाषांना स्थान मिळावे, ही मागणी जुनी आहे. गेल्या काही वर्षांत ती बऱ्याच अंशी मान्यही झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सार्वजनिक बँकांच्या लिपिक भरतीची पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही परीक्षा हिंदी व इंग्रजीबरोबर तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याची शिफारस केली. जानेवारी २०२३ मध्ये कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, मल्टी टास्किंग स्टाफ आणि बारावी स्तरावरील परीक्षांबाबत तोच निर्णय जाहीर झाला. २०२४ च्या आरंभी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई भरतीची परीक्षाही प्रथमच या भाषांतून पार पडली. या तेरा भाषांच्या यादीत मराठी आहे आणि कोकणीही आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्यातील उमेदवाराला आपल्या दोन्ही भाषा केंद्राच्या प्रश्नपत्रिकेवर दिसाव्यात, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह ठरते.

तथापि या स्वागताच्या गडबडीत एक साधी बाब बहुतेकांच्या नजरेतून निसटली. अंकगणिताचा प्रश्न मराठीत विचारता येतो, बुद्धिमापनाचा विचारता येतो, सामान्य ज्ञानाचाही विचारता येतो. इंग्रजी व्याकरणाचा, शब्दसंग्रहाचा आणि उताऱ्यावरील आकलनाचा प्रश्न मात्र इंग्रजीतच राहतो. त्याचे भाषांतर करणे म्हणजे तो रद्द करणेच होय. त्यामुळे प्रश्नपत्रिकेचे इतर सर्व विभाग सुलभ झाले तसतसे उमेदवारा-उमेदवारांतील अंतर इंग्रजीच्या विभागात अधिक स्पष्ट दिसू लागले. उंबरठा एकच उरला, पण तो पूर्वीइतकाच उंच राहिला.

गुणांचा हिशेब

हा उंबरठा किती उंच आहे, हे आकड्यांवरून समजते. एसएससीची पदवीधरांसाठीची एकत्रित परीक्षा, म्हणजे सीजीएल, दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात शंभर प्रश्न व दोनशे गुण असून त्यांपैकी पंचवीस प्रश्न व पन्नास गुण इंग्रजीचे असतात. हा टप्पा आता केवळ चाळणीचा आहे. गुणवत्ता यादी ठरते ती दुसऱ्या टप्प्यावर. तेथे संगणकज्ञानाचा पात्रतेपुरता भाग वगळला, तर पहिल्या पेपरचे ३९० गुण उरतात. त्यांतील गणिताचे ९०, बुद्धिमापनाचे ९०, सामान्य ज्ञानाचे ७५ आणि इंग्रजीचे १३५. एकट्या इंग्रजीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरतो, आणि कोणत्याही अन्य विषयाला इतके वजन नाही.

बँकांच्या लिपिक पदाच्या पूर्व परीक्षेत शंभरापैकी तीस प्रश्न इंग्रजीचे असतात आणि त्यांसाठी वीस मिनिटे वेगळी राखून ठेवलेली असतात. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला चाळीस सेकंद, आणि उतारा वाचण्याचा वेळही त्यातच धरायचा. शिवाय प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवून इंग्रजीची उणीव भरून काढण्याची सोय तेथे नाही.

सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण मल्टी टास्किंग स्टाफ व हवालदार या परीक्षेचे आहे. पात्रता दहावी उत्तीर्ण. कामाचे स्वरूप म्हणजे कार्यालयातील फाइली नेणे-आणणे, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढणे, टपाल पोहोचवणे, कार्यालयाची देखभाल. हवालदार असेल तर सीमाशुल्क व अप्रत्यक्ष कर खात्यातील कनिष्ठ कामे. या परीक्षेची दोन सत्रे होतात. गणित आणि बुद्धिमापनाचे पहिले सत्र पात्रतेपुरते धरले जाते. दुसऱ्या सत्रात सामान्य ज्ञानाचे ७५ व इंग्रजीचे ७५ असे एकूण १५० गुण असतात, आणि गुणवत्ता यादी याच दीडशे गुणांवर लागते. अर्थात केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या पायरीवरील नोकरीसाठी निम्मी गुणवत्ता इंग्रजीवर मोजली जाते. पदवीधरांच्या परीक्षेत इंग्रजीचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आणि दहावी उत्तीर्णांच्या परीक्षेत तो निम्मा, असा हा उफराटा न्याय आहे.

दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ, मुरगावचे बंदर, प्राप्तिकर, टपाल व अन्य केंद्रीय कार्यालये गोव्यात आहेत. तेथील खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला स्थानिक भाषा येत नाही, ही तक्रार गोमंतकीयाला नवी नाही. तिचे मूळ शोधताना बाहेरच्यांच्या लोंढ्याकडे बोट दाखवले जाते. परंतु खिडकीपलीकडची खुर्ची कोणत्या परीक्षेतून भरली जाते आणि त्या परीक्षेत गोव्याची मुले कोणत्या विभागात मागे राहतात, याची चर्चा क्वचितच होते.

एकाच सरकारच्या अनेक तऱ्हा

इंग्रजीची सक्ती अपरिहार्य आहे, असे म्हणावे तर केंद्र सरकारचाच व्यवहार त्याला पुष्टी देत नाही. रेल्वे भरती मंडळांच्या एनटीपीसी परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात गणिताचे तीस, बुद्धिमापनाचे तीस आणि सामान्य ज्ञानाचे चाळीस असे शंभर प्रश्न असतात. इंग्रजी भाषेचा विभाग तेथे नाही. ही परीक्षा मराठीत व कोकणीतही देता येते. त्यातून निवडलेले लिपिक, तिकीट तपासनीस व स्टेशन मास्तर आपापली कामे करीत आहेत आणि इंग्रजीचा पेपर नव्हता म्हणून रेल्वेचे चाक कोठे अडल्याचे ऐकिवात नाही.

सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई भरतीची तऱ्हा आणखी निराळी. तेथे ऐंशी प्रश्नांपैकी वीस प्रश्न भाषेचे असून उमेदवाराने इंग्रजी किंवा हिंदी यांपैकी एक भाषा निवडायची असते. हिंदी ज्याची मातृभाषा आहे त्याला येथे आपल्याच भाषेची परीक्षा देता येते. मराठी, कोकणी किंवा कन्नड भाषकाला मात्र दोन्हींपैकी एक परकी भाषा निवडावी लागते. इतर विभाग तेरा भाषांत आणले गेले, पण भाषेच्या विभागातील ही विषमता जागच्या जागी राहिली.

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा मार्ग मधला म्हणता येईल. नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीचा तीनशे गुणांचा पेपर अनिवार्य आहे, पण तो पात्रतेपुरता. पंचवीस टक्के गुण मिळाले की पुरे. ते गुणवत्तेत धरले जात नाहीत. भारतीय भाषेचा पेपरही तितक्याच गुणांचा आणि त्याच अटीचा. कोठारी समितीच्या १९७६ मधील अहवालानंतर १९७९ पासून भारतीय भाषांत उत्तरे लिहिण्याची जी वाट खुली झाली, त्या परंपरेशी हे सुसंगत आहे. मार्च २०१३ मध्ये आयोगाने इंग्रजीचे गुण गुणवत्तेत धरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संसदेत इतका गदारोळ उठला की तो निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ मध्ये आलेल्या सीसॅट पेपरातील इंग्रजी आकलनाच्या प्रश्नांवरून २०१४ मध्ये दिल्लीत आंदोलन झाले, तेव्हा त्या वर्षी ते गुण वगळण्यात आले. पुढे २०१५ पासून तो संपूर्ण पेपरच ३३ टक्क्यांच्या पात्रतेचा करण्यात आला.

येथे एक विसंगती ठळकपणे दिसते. जिल्हाधिकारी होणाऱ्याच्या इंग्रजीचे गुण मोजू नयेत, यासाठी संसद हलली. कार्यालयातील शिपायाच्या इंग्रजीचे गुण निम्म्या गुणवत्तेइतके मोजले जातात, त्याबद्दल कोणी ब्रही काढला नाही. ज्यांना आवाज आहे त्यांच्यासाठी नियम बदलतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर अर्ज भरणाऱ्याला तो आवाज नसतो.

इंग्रजीच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवादही समजून घेतला पाहिजे. केंद्राची नोकरी देशभर बदलीची असते, परिपत्रके व नियमपुस्तिका इंग्रजीत येतात, आणि हिंदी न जाणणाऱ्या राज्यांना इंग्रजी हीच तटस्थ भाषा वाटते. हा युक्तिवाद पोकळ नाही. उद्या इंग्रजी काढून केवळ हिंदी ठेवली, तर गोव्यातील उमेदवाराची अडचण कमी होण्याऐवजी कदाचित वाढेल. प्रश्न इंग्रजी असावी की नसावी हा नसून पदाच्या गरजेइतकी ती मोजली जाते का, हा आहे. परिपत्रक वाचून कळावे एवढी अपेक्षा रास्त आहे. पण आठवड्यातून एकदाही कानावर न पडणारा वाक्प्रचार ओळखता आला नाही म्हणून हवालदाराची नोकरी हुकावी, ही अपेक्षा कामाशी नाते सांगत नाही.

पाचवीतील भाषापालट

गोव्याच्या संदर्भात या प्रश्नाला एक वेगळे वळण आहे. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत सर्व विषय मराठीत शिकतो. गोव्यात तसे नाही. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या आणि शिक्षण खेड्यापाड्यांत पोहोचले. परंतु माध्यमिक शिक्षणाची घडी प्रामुख्याने इंग्रजीतच बसली. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी आणि पाचवीपासून इंग्रजी, हा येथील बहुसंख्य मुलांचा शैक्षणिक प्रवास राहिला आहे. १९९० मध्ये सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांपुरते मर्यादित झाले, २०११ मध्ये ते इंग्रजी प्राथमिक शाळांनाही देण्याचा निर्णय झाला, त्यावरून आंदोलने झाली, राजकारण तापले. या सर्व वादात पहिली ते चौथी या चार वर्षांवर जितकी शाई खर्च झाली, त्याच्या दशांशानेही पाचवीत काय घडते यावर झाली नाही.

पाचवीत घडते ते असे. काल मराठीत इतिहास वाचणारे मूल आज इंग्रजीत इतिहास वाचू लागते. त्याला इंग्रजी भाषा म्हणून पुरती शिकवली जाण्यापूर्वीच माध्यम म्हणून ती त्याच्यावर येऊन पडते. मग मार्ग एकच उरतो, पाठांतराचा. मार्गदर्शकातील उत्तर जसेच्या तसे लिहिले की गुण मिळतात. वाक्य समजले की नाही, हे विचारणारे कोणी नसते. सहा वर्षे इंग्रजीत सर्व विषयांच्या परीक्षा देऊन दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाला इंग्रजी येते, असे घर धरून चालते, शाळा धरून चालते आणि तो स्वतःही धरून चालतो. स्पर्धा परीक्षेतील पहिली सराव चाचणी हा समज मोडते, कारण तेथे पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही. वाक्याचा कोणता भाग चुकला आहे, हे तेथे विचारलेले असते.

म्हणूनच गोव्यातील उमेदवाराची अडचण विदर्भातील किंवा मराठवाड्यातील उमेदवारापेक्षा निराळी आहे. तेथे इंग्रजीचा अपरिचय आहे आणि त्याची जाणीवही आहे. येथे परिचय आहे, पण तो वरवरचा. आणि परिचय असल्यामुळे उणिवेची जाणीव उशिरा होते.

चूक नेमकी कोठे होते

परीक्षेतील इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न असंख्य भासले तरी त्यांचे प्रकार मोजकेच असतात: वाक्यातील चूक ओळखणे, अधोरेखित भागाला योग्य पर्याय निवडणे, रिकाम्या जागा भरणे, कर्तरी-कर्मणी बदल, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन, विस्कळीत वाक्यांची जुळणी. मराठी भाषकाच्या चुकाही मोजक्याच असतात, आणि त्यांतील पुष्कळशा त्याच्या अज्ञानातून न येता मराठीच्या ज्ञानातून येतात. मराठीची वाक्यरचना मनात इतकी घट्ट बसलेली असते की इंग्रजी शब्द तिच्यावरच बेतले जातात.

‘मी दोन दिवसांपासून आजारी आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्याच साच्यातून ‘आय ॲम इल सिन्स टू डेज’ बाहेर पडते आणि एका वाक्यात दोन चुका होतात. इंग्रजीला येथे ‘हॅव बीन’ हवे आणि कालावधीसाठी ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’ हवे. मराठीतील ‘पासून’ कालबिंदू आणि कालावधी दोन्ही पेलतो. इंग्रजीत ही कामे दोन शब्दांत वाटलेली आहेत.

‘जरी… तरी’ ही मराठीतील जोडी अभेद्य. म्हणून ‘ऑलदो’ आले की पाठोपाठ ‘बट’ येतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालतो. ‘एखाद्या विषयावर चर्चा करणे’ यातील ‘वर’ अंगवळणी पडलेला, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. इंग्रजीतील ‘डिस्कस’ला मात्र शब्दयोगी टेकूची गरज नसते. ‘माझा एक मित्र’ एकवचनी, म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड’. इंग्रजीत अनेकांतून एक निवडायचा असल्याने ‘फ्रेंड्स’ हवे. मराठीत बातमीच्या बातम्या आणि सल्ल्याचे सल्ले होतात. इंग्रजीतील ‘न्यूज’ एकवचनी क्रियापद मागते आणि ‘ॲडव्हाइस’चे अनेकवचन होत नाही. ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ या उपपदांचे तर मराठीत अस्तित्वच नाही, त्यामुळे ती गाळली गेली तरी मराठी कानाला काहीही खटकत नाही.

अप्रत्यक्ष कथनाचा गोंधळही याच जातीचा. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ असे मराठी माणूस सहज म्हणतो आणि त्यातील ‘मी’ म्हणजे ‘तो’च, हे ऐकणाऱ्याला समजते. इंग्रजीला ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ असे पुरुष, काळ आणि कालवाचक शब्द तिन्ही बदलून हवे असतात.

कर्मणी प्रयोगाची गल्लत सर्वांत सूक्ष्म आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा शालेय मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. त्यामुळे हेच वाक्य इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’ असावे, असा ग्रह होतो. प्रत्यक्षात त्याचे इंग्रजी रूप ‘राम एट अ मँगो’ हे सरळ कर्तरी वाक्य आहे. दोन भाषांतील संज्ञांचे भाषांतर जुळले म्हणून संकल्पना जुळत नाहीत, हे सांगणारा शिक्षक भेटला तर हा गुंता एका तासात सुटतो. न भेटला तर वर्षानुवर्षे नियम पाठ होतात आणि चूक तशीच राहते.

कोकणीचीही वाक्यरचना या बहुतेक बाबतींत मराठीसारखीच असल्याने दोन्ही भाषांच्या मुलांची चूक एकच आणि औषधही एकच. भाषावादात परस्परांसमोर उभ्या राहणाऱ्या दोन गटांची मुले परीक्षेच्या संगणकासमोर एकाच जागी अडखळतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मराठी समाजाला ही तुलनात्मक पद्धत परकी नाही. अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी वाक्य आणि दोहोंतील फरक, हा तिचा गाभा होता. पुढे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, असा विचार रुजला आणि पाठमाला मागे पडली. लहान मुलासाठी तो विचार योग्यही असेल. पण वीस-बावीस वर्षांच्या उमेदवाराच्या मनात मराठीची घडण पूर्ण झालेली असते. तिला वगळून शिकवण्यापेक्षा तिच्याशी ताडून शिकवणे अधिक फलदायी ठरते. आजच्या बाजारातील सराव पुस्तके सर्व राज्यांसाठी एकच असतात, बहुधा हिंदी भाषक डोळ्यांसमोर ठेवून रचलेली. मराठी-कोकणी भाषकाच्या चुका लक्षात घेऊन तयार केलेले साहित्य क्वचितच आढळते.

शब्द आणि उतारे

शब्दसंग्रहाच्या बाबतीत याद्या पाठ करण्याकडे कल असतो. रोज पन्नास शब्द, सोबत त्यांचे समानार्थी आणि विरुद्धार्थी. महिन्याभरात दीड हजार शब्द वहीत जमतात आणि तितक्याच वेगाने डोक्यातून ओसरतात, कारण ते कोणत्याही वाक्यात राहत नसतात. त्याऐवजी धातूंच्या आधारे शब्दांची कुटुंबे लक्षात ठेवणे कमी श्रमाचे. इंग्रजीतील अवघड भासणाऱ्या शब्दांचा मोठा भाग लॅटिन आणि ग्रीकमधून आलेला आहे, आणि गोव्याला लॅटिनची लेक असलेल्या पोर्तुगीजचा शेजार साडेचारशे वर्षे लाभलेला आहे. येथील ‘फेस्त’ आणि इंग्रजीतील ‘फेस्टिव्ह’ एकाच मुळातून आलेले. ‘पाद्री’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्यातूनच ‘पॅटर्नल’ आणि ‘पॅट्रिमनी’ आले. ‘इगर्ज’ आणि चर्चविषयक या अर्थाचा ‘एक्लेझिॲस्टिकल’ ही एकाच घराण्यातील दोन रूपे. गोव्यातील मुलाला ही नाती घरबसल्या सापडतात. दाखवून देणारा मात्र हवा.

उताऱ्यावरील आकलनाची कथा निराळी. तेथे नियम नसतो, सवय असते. उताऱ्यात जे लिहिले आहे तेवढ्यावरून उत्तर द्यायचे असते. जे आपल्याला ठाऊक आहे किंवा जे आपल्याला पटते, त्यावरून नव्हे. चार पर्यायांपैकी एक बहुधा असा असतो की तो सत्य असतो, पण उताऱ्यात नसतो. घाईने वाचणारा त्यालाच फसतो. ही सवय सराव चाचण्यांतून लागत नाही, सलग वाचनातून लागते. मराठी वृत्तपत्राचा अग्रलेख शांतपणे वाचून त्याचा आशय दोन वाक्यांत सांगता येणाऱ्याला इंग्रजी उताऱ्याची भीती निम्म्याने कमी वाटते, कारण युक्तिवाद ओळखण्याचे कौशल्य एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेता येते. याउलट ज्याने कोणत्याही भाषेत सलग दोन पाने वाचली नाहीत, त्याला कोणताही शिकवणी वर्ग आकलन शिकवू शकत नाही.

गोव्यात या वाचनासाठी साधनांची वानवा नाही. १९०० मध्ये पोर्तुगीज दैनिक म्हणून सुरू झालेले ‘ओ हेराल्डो’ १९८३ पासून इंग्रजीत निघते; ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ पासून चालू आहे. ज्या बातम्या मुलाने सकाळी मराठीत वाचलेल्या असतात, त्याच इंग्रजीत पुन्हा वाचल्या तर अर्थ आधीच ठाऊक असल्याने अनोळखी शब्दांचा उलगडा संदर्भावरून होतो. शब्दकोश हाती न घेता शब्द शिकण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. १८३२ पासूनची परंपरा सांगणारे पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि तालुक्यांतील वाचनालये यांसाठीच आहेत.

सराव आणि सरावाचा भास

मोबाइलवरील ॲपवर आज हजारो प्रश्न फुकट मिळतात. त्यामुळे सराव भरपूर होतो असे वाटते. परंतु उत्तर चुकले, बरोबर पर्याय हिरव्या रंगात दिसला आणि बोट पुढच्या प्रश्नाकडे गेले, याला सराव म्हणणे धाडसाचे ठरेल. आपण चुकीचा पर्याय का निवडला, हे एका ओळीत वहीत लिहिल्याशिवाय ती चूक पुन्हा होणार हे निश्चित. दोन महिन्यांनी ती वही चाळली, तर बहुतेकांना आपल्या चुका पाच-सहा प्रकारांतच फिरत असल्याचे आढळेल. मग हजार प्रश्नांचा डोंगर उरत नाही; पाच-सहा दुरुस्त्या उरतात.

अंदाजाने उत्तरे देण्याचाही हिशेब समजून घ्यायला हवा. मल्टी टास्किंगच्या परीक्षेत बरोबर उत्तराला तीन गुण आणि चुकीला एक गुण वजा. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवले तर सरासरीने लाभ शून्य. मात्र व्याकरणाच्या एका नियमाने एक पर्याय बाद करता आला, तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी तृतीयांश गुण पदरात पडतो आणि दोन पर्याय बाद झाले तर पूर्ण एक गुण. म्हणजे संपूर्ण नियम अवगत नसला तरी अर्धेमुर्धे पण पक्के ज्ञान कामाला येते. कच्चे मात्र पूर्ण असूनही येत नाही. शेकडो उमेदवार एका-दोन गुणांच्या पट्ट्यात अडकलेले असतात, तेथे हा फरक यादीत असणे आणि नसणे यातला फरक ठरतो.

राज्याने काय करावे

उमेदवाराने मेहनत करावी, हे सांगणे सोपे आहे. व्यवस्थेने आपला वाटा उचलावा, हे सांगणे अधिक गरजेचे. पहिले काम शाळेतील. पाचवीच्या वर्षाच्या आरंभीचे काही आठवडे इतर विषय बाजूला ठेवून भाषेच्या संक्रमणासाठी राखले, आणि मराठी-कोकणी जाणणाऱ्या शिक्षकाकडून दोन भाषांतील फरक समजावून दिला, तर पुढच्या सहा वर्षांचे पाठांतर पुष्कळ कमी होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि माध्यमाचा वादही उकरावा लागत नाही.

दुसरे काम महाविद्यालयांचे. पदवीच्या तीन-चार वर्षांत मराठी व इंग्रजी विभागांनी एकत्र येऊन भाषांतरावर आधारित एखादा अभ्यासक्रम चालवला, तर मराठी विभागाकडे घटत चाललेले विद्यार्थी वळतील आणि स्पर्धा परीक्षेची तयारीही त्यातच होईल. आज बीए मराठी म्हणजे नोकरीच्या बाजारात नाणे न चालणारी पदवी, असा समज आहे. दोन भाषांतील भेद नेमकेपणाने जाणणारा पदवीधर हा खरे तर या परीक्षांचा सर्वांत सक्षम उमेदवार आणि सर्वांत उपयुक्त शिक्षक ठरू शकतो.

तिसरे काम लोकप्रतिनिधींचे. राज्यातील भरतीसाठी २०१९ च्या कायद्याने गोवा कर्मचारी निवड आयोग स्थापन झाला. तेथे कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, यावर येथे तावातावाने वाद होतात. ते व्हावेतही. परंतु केंद्राच्या परीक्षेत मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांच्या मुलांना इंग्रजीच्या एकाच तराजूत तोलले जाते, तेव्हा दोन्ही बाजू मौन पाळतात. दहावी पात्रतेच्या पदांसाठी इंग्रजीचा पेपर नागरी सेवा परीक्षेप्रमाणे पात्रतेपुरता ठेवावा, आणि जेथे भाषेची निवड देता येते तेथे ती इंग्रजी-हिंदीपुरती न ठेवता त्या तेरा भाषांनाही द्यावी, ही मागणी गोव्याच्या खासदारांनी संसदेत मांडण्यात कोणाचाही भाषाभिमान दुखावण्याचे कारण नाही.

तोवर परीक्षा आहे तशीच राहणार, आणि पुढच्या जाहिरातीला अर्ज भरणाऱ्या मुलाला धोरण बदलण्याची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. वयाची मर्यादा कोणासाठी थांबत नाही. त्याच्या दृष्टीने आजची दिलासादायक गोष्ट एवढीच की, ज्या मराठीमुळे इंग्रजीत चुका होतात असे त्याला सांगितले गेले, ती मराठी नीट जाणून घेतली तर त्याच चुका सर्वांत लवकर दुरुस्त होतात. इंग्रजीच्या विभागाची तयारी मराठी व्याकरणाच्या पुस्तकापासून सुरू करावी, हा सल्ला आज विक्षिप्त वाटेल. पण ज्याला आपल्या भाषेतील कर्ता, कर्म आणि काळ ओळखता येतो, त्याला परक्या भाषेत ते शोधायला वेळ लागत नाही.